नऊशेचा मिक्सर आणि आम्ही खोटी गिऱ्हाइकं

“तुम्ही बायका नाहीतरी बाजारात जाताच ना?” हे वाक्य आजही कोणी सहज बोललं तरी माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही. घरातले म्हणतात, एवढ्या-तेवढ्यावरून चिडतेस. चिडते. त्या वाक्याखाली माझी एका उन्हाळ्याची मेहनत गाडली गेली आहे, आणि ते बोलणारा माणूस मला वर ‘वहिनी’ म्हणायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि घरात पगार येणं बंद झालं होतं. नवरा तरीही रोज डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचा. खालच्या मजल्यावर त्याच कारखान्यातल्या एकाचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको माझी मैत्रीण. तिनेच खबर आणली, की अंधेरीला एका ऑफिसात बायका हव्या आहेत. दुकानात जाऊन नुसती चौकशी करायची, विकायचं काही नाही. आम्ही दोघी इस्त्रीच्या साड्या नेसून गेलो.

काम ऐकून आम्हाला आधी हसूच आलं. मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीला जाणून घ्यायचं होतं, की दुकानदार तिचा मिक्सर दाखवतो की दुसऱ्याच कुणाचा पुढे करतो. आम्ही गिऱ्हाईक म्हणून जायचं, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि तो काय म्हणाला ते ऑफिसात येऊन सांगायचं. एका दुकानाचे दहा रुपये. काम वाटणारा साहेब वयाने आमच्याहून लहान, टापटीप, मऊ बोलणारा. त्याने नियम सांगितले: विकत घ्यायचं नाही, खरी ओळख द्यायची नाही आणि भाव करायचा नाही. किंमत एकदाच विचारायची, ‘बघते, सांगते’ म्हणायचं आणि निघायचं. कंपनीला दुकानदाराच्या तोंडचा पहिला भाव हवा होता. आम्ही माना डोलावल्या. दहा रुपयेही आम्ही मान डोलावूनच कबूल केले.

पहिलं काम त्याने मला मुलुंडचंच दिलं, माझ्याच गल्लीतलं. मी म्हटलं, “साहेब, तिथे मला सगळे ओळखतात.” तो म्हणाला, “मग बरंच की, वहिनी. बसचे पैसे वाचले.”

गेले. ज्या दुकानातून मी कुकरच्या रिंगा नेते, तिथेच उभी राहून मिक्सर दाखवा म्हटलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “भाऊंची कंपनी उघडली का?” मी नाही म्हटलं. “मग आत्ता कशाला मिक्सर, वहिनी? उघडू दे. मी चांगला काढून ठेवतो तुमच्यासाठी.” त्याने मिक्सर दाखवलाच नाही. माझी लाज राखायला त्याने दाखवला नाही, आणि मी तिथे खोटं बोलायला उभी होते. इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला क्वचितच झालं असेल. साहेबाने त्या दुकानाचे पैसे दिले नाहीत. मिक्सर पाहिला नाही म्हणजे काम झालं नाही, म्हणाला.

मग मला लांबची दुकानं मिळाली. बोरिवलीला त्याने मला नेमकं त्या वारी धाडलं, ज्या वारी तिथली दुकानं बंद असतात. दोन बस बदलून मी पोहोचले ती ओळीने खाली ओढलेल्या शटरांसमोर. त्याचेही पैसे नाहीत. जायचा खर्च दिला, यायचा नाही. शिवाय वेळ संध्याकाळची हवी, तेव्हा दुकानात वर्दळ असते म्हणे. आमच्या बिल्डिंगला पाणी यायचं चार वाजता, तासभर. ते भरलं नाही तर रात्रीच्या भांड्यांपासून सकाळच्या आंघोळीपर्यंत सगळ्याची वाट. मी अकरा ते तीन मागत होते. तो दर वेळी “बघू” म्हणायचा आणि चिठ्ठीवर सहा लिहून द्यायचा. पाणी भरून, पदर ओला असतानाच मी धावत सुटायचे.

घाटकोपरला सगळं फुटलं. मोठं दुकान, गल्ल्यावर एक वयस्क शेठ. मी मिक्सर पाहिला, किंमत विचारली. शेठ म्हणाला, “नऊशे.” मी म्हटलं, “बरं, बघते, सांगते.” आणि वळले.

“बेन, थांबा ना,” शेठ म्हणाला. “कंपनीकडून आलात ना? थंडा मागवू?”

मी उसनं अवसान आणून कसली कंपनी म्हटलं. तो हसला. “तीस वर्षं दुकान चालवतो. नऊशे ऐकून बाईमाणूस ‘बरं’ म्हणते, असं माझ्याकडे कधी झालं नाय. सहाशेला द्या म्हणते, नवऱ्याला बोलावते, रागावून पायरी उतरते आणि परत येते. तुमच्या आधी पण एक आलेली, ती पण ‘बरं’ बोलून गेली. आता कंपनीचा मिक्सर आम्ही पुढेच ठेवतो. जो ‘बरं’ बोलेल त्याला दाखवायला.”

मी थंडा न पिता बाहेर आले. म्हणजे आम्ही आठवडेच्या आठवडे ज्या दुकानांत शिरलो, तिथे आम्हाला ओळखूनच मिक्सर दाखवले जात होते. जन्मात कधी घासाघीस केल्याशिवाय आम्ही कोथिंबिरीची जुडी घेतली नव्हती, आणि त्या नियमापायी आम्ही बाजारात बावळटासारख्या उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस गाठलं. साहेबाला सगळं सांगितलं. म्हटलं, भाव करू द्या. पहिला भाव तर तो आधी सांगतोच, तो तुम्हाला मिळेल. पुढची घासाघीस आम्ही खरं वाटावं म्हणून करू. पण त्याला अर्धा तास लागतो, दोनदा पायरी उतरावी लागते. त्याचे पंधरा द्या. दुकान बंद निघालं तरी फेरी धरा. आणि मला अकरा ते तीनच द्या.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून ते वाक्य बोलला. “वहिनी, तुम्ही बायका नाहीतरी बाजारात जाताच ना? फिरायचे पैसे मिळतायत, असं समजा.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही नाहीतरी खुर्चीत बसताच ना? मग पगार कशाचा घेता?”

तो हसला नाही. म्हणाला, आठ रुपयांत तयार असलेल्या बायका आहेत. मी चौदा म्हटलं. तो दहावरून हलेना. मी बारावर आले, तर म्हणाला, संध्याकाळ जमत असेल तर दहा. म्हणजे आम्हाला ज्याची बंदी, ते हा माझ्याशी बसल्या जागी करत होता, आणि माझ्याहून सराईतपणे. मी उठले. दारापर्यंत गेले, हळूहळू. त्याने परत बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला काम आलं नाही. त्यानंतरही नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही, मनातल्या मनात रोज त्याच्याशी भांडत होते.

मग एका दुपारी खालची मैत्रीण वर आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, “अगं, आता भाव करायचा असा नवीन नियम निघालाय. घाटकोपर मला दिलंय. साहेब म्हणाले, कसं करायचं ते तुझ्याकडून शिकून घे.”

“किती देतोय?”

तिने खाली पाहिलं. “आठ.”

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझी अक्कल त्याने फुकट घेतली होती, माझं काम स्वस्तात विकलं होतं, आणि शिकवणीला वर माझ्याच दारात पाठवलं होतं. “तू हो म्हणालीस?” मी विचारलं.

“काय करू गं? ह्यांनी काल घड्याळ विकलं.”

मी तिला आत घेतलं. दुकानदार मी झाले. घरात मिक्सर नव्हता, म्हणून कुकर समोर ठेवला आणि म्हटलं, “नऊशे.” ती कुकरकडेच बघत बसली. परत म्हटलं, “नऊशे, ताई, फिक्स.” तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले. “तुझ्याशी कशी घासाघीस करू? मला लाज वाटते.”

“त्याच्यासमोर लाजलीस म्हणून आठ झाले,” मी ओरडले. “बोल काहीतरी.”

तिने पदराने डोळे पुसले. “सहाशे,” ती पुटपुटली. मी मान हलवली. ती उठली, दारापर्यंत गेली, हळूहळू, थेट माझ्यासारखी. उंबऱ्यात थांबून वाट पाहत राहिली.

मी तिला परत बोलावलं.