स्टिकरखालचा शिक्का

त्या तीन दिवसांचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. खून नाही, दरोडा नाही, प्रकरण होते प्रिंटरच्या शाईचे. नगर शहरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो आणि निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरली होती. यात कोणाचेही नाव मी घेणार नाही.

त्या काळात शाई इतकी महागली होती की कार्ट्रिज संपले म्हणजे आमच्या ठाण्यातला लेखनिक हवालदार अक्षरशः कपाळाला हात लावायचा. पंचनामा, जबाब, रिमांडचे कागद, सगळे छापूनच द्यावे लागते. रंगीत फोटो तर तो माझी परवानगी घेतल्याशिवाय काढत नसे. कार्ट्रिज पुरवणारा व्यापारी महिन्यातून एकदा स्वतः येई. नवा माल देई, रिकामी कार्ट्रिजे आणि त्यांचे खोके 'रिसायकलिंगसाठी' म्हणून घेऊन जाई. बोलका माणूस. चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही.

एके दिवशी सकाळी मिरजगावचा एक दुकानदार पिशवी घेऊन ठाण्यात आला. हायवेवर त्याचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान होते. पिशवीतून त्याने पाच कार्ट्रिजे आणि त्यांचे खोके काढून माझ्या टेबलावर मांडले.

"सायेब, ही वरिजनल म्हनून नगरहून मागवली. फोनवर आर्डर दिली, माल येष्टीच्या पार्सलनं आला. दोन दिसात रंग उडाला. पोरींच्या हॉल तिकिटावरचे फोटो हात लावला की पुसाया लागले."

"मग पोरींचं काय झालं?"

"एकीला परीक्षेला गेटावर थांबवलं. तिचा बाप माज्या दुकानात येऊन बसला. पोरगी अर्धा तास उशिरा आत गेली. माजा प्रिंटर गेला त्याचं मला काय न्हाई, सायेब. त्या बापाकडं बघवंना."

मी तक्रार नोंदवायला सांगितले. ज्या नंबरवर ऑर्डर दिली होती तो बंद होता आणि बिलावरचे, आमच्या हद्दीतला पत्ता असलेले दुकान अस्तित्वातच नव्हते. नेमका त्याच वेळी आमचा पुरवठादार माल घेऊन आला होता. हवालदाराच्या टेबलापाशी उभे राहून त्याने सगळे ऐकले असणार. दुकानदार गेल्यावर तो माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. सावेडीत एक बाई फ्लॅटमध्ये शाई भरते. शाळा, क्लासेस, झेरॉक्सवाले, सगळे तिच्याकडेच जातात."

त्याने इमारत आणि मजलाही सांगितला. खबर पक्की वाटली, कारण खबऱ्या ओळखीचा होता.

त्याच दुपारी दोन पंच आणि महिला अंमलदार घेऊन आम्ही छापा घातला. दार एका पंचेचाळिशीच्या बाईंनी उघडले. पूर्वी एका शाळेच्या संगणक कक्षात त्या कामाला होत्या, कंत्राट संपल्यावर हे काम सुरू केले होते. बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत सिरिंजा, शाईच्या बाटल्या आणि साठेक रिकामी कार्ट्रिजे ओळीने लावलेली होती. माझ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. गुन्हा उघडकीला आल्यासारखेच ते दृश्य होते.

"साहेब, मी शाई भरून देते. भरलेली आहे असं सांगूनच देते," बाई म्हणाल्या. "यात चोरी काय आहे?"

"ते ठाण्यात बोलू."

एक गोष्ट मला तिथेच खटकली. त्या घरात खोका एकही नव्हता. खोके, कंपनीचे स्टिकर, पॅकिंगचे सामान, काहीच नाही. मग मिरजगावला पोहोचलेले सीलबंद खोके आले कुठून? पण वरून दोनदा फोन येऊन गेला होता. 'बनावट शाईचा अड्डा' ही बातमी कोणीतरी आधीच बाहेर पोहोचवली होती. कलमांत सात वर्षांपर्यंतच शिक्षा असल्यामुळे नोटीस देऊन, जबाब घेऊन बाईंना घरी ठेवता आले असते. मी अटकेच्या कागदावर सही केली. सोसायटीच्या पार्किंगमधून त्यांना जीपपर्यंत नेले तेव्हा जिन्यात, गॅलऱ्यांत माणसे उभी होती.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाने एक दिवसाची पोलीस कोठडी दिली. रिमांडचा कागद इतका फिका छापला होता की वाचता येईना म्हणून परत आला, तो पुन्हा छापून द्यावा लागला. त्या सकाळच्या पेपरात सावेडीच्या 'कारखान्याची' बातमी फोटोसह होती.

संध्याकाळी मी चौकशीला बसलो. समोर बाई, बाजूला महिला अंमलदार आणि टंकायला लेखनिक हवालदार. खोके कुठे लपवले, स्टिकर कोण पुरवतो, साथीदार कोण, असे नेहमीचे प्रश्न मी फिरवून फिरवून विचारले. त्यांची उत्तरे बदलली नाहीत. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना तपशील वाढवतो, असा माझा अनुभव. या बाई दर वेळी तेवढेच सांगत होत्या.

शेवटी त्याच म्हणाल्या, "साहेब, मिरजगावचा माल मला एकदा दाखवाल का? मी हात लावत नाही, तुम्हीच धरा."

मी मुद्देमालातला एक खोका टेबलावर ठेवला आणि त्यातले कार्ट्रिज त्यांच्यासमोर धरले.

"उलटं करा. माझं असतं तर तळाला सुईनं ओढलेल्या रेघा असत्या. एकदा भरलं की एक रेघ. तीन रेघा झाल्या की मी ते परत भरत नाही, गिऱ्हाईकाचा प्रिंटर खराब होतो."

तळ कोरा होता. त्यांच्या घरातून आणलेली कार्ट्रिजे मी मागवली. प्रत्येकावर एक, दोन किंवा तीन बारीक रेघा होत्या. हा काही पुरावा नव्हे, बनावट मालावर माणूस खूण कशाला करील? तसे मी त्यांना बोलूनही दाखवले.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मग खोका बघा. हा स्टिकर दुसऱ्या कशावर तरी चिकटवलाय. एका कडेला फुगलाय."

पंचांना बोलावून, त्यांच्यासमोर मी स्टिकर ओला करून हळूहळू सोलायला लावला. खाली जांभळ्या शाईतला अर्धा गोल शिक्का निघाला आणि त्याच्या शेजारी बॉलपेनने लिहिलेला नोंदवहीचा क्रमांक. शिक्क्यात 'पोलीस ठाणे' ही अक्षरे स्पष्ट होती.

हवालदाराचे टंकणे थांबले. उठून तो खोक्यापाशी आला आणि वाकून बघू लागला.

"साहेब," तो म्हणाला, "हे अक्षर माजंच हाय."

ठाण्यात माल आला की खोक्यावर शिक्का मारून क्रमांक टाकायचा ही त्याचीच शिस्त. नोंदवही काढली. क्रमांक जुळला. तो खोका तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे उघडला गेला होता आणि रिकामा झाल्यावर पुरवठादाराने नेला होता.

बाईंकडे बघण्याचे मी टाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या पुरवठादाराच्या गाळ्यावर छापा घातला. पॅकिंगचे प्लॅस्टिक आवळण्याचे गरम हवेचे यंत्र, स्टिकरचे रोल, कसल्यातरी पातळ शाईचा कॅन आणि निरनिराळ्या कार्यालयांतून गोळा केलेले रिकामे खोके, सगळे एका छताखाली मिळाले. आमच्या ठाण्यात दर महिन्याला येणारा मालही तिथलाच होता. न्यायालयातून परत आलेला तो फिका कागद याच शाईने छापलेला.

कबूल व्हायला पुरवठादाराने फार वेळ घेतला नाही.

"साहेब, ओरिजिनलचे भाव कुठं गेलेत ते तुम्हाला माहीत आहे. ऑफिसांना बिल ओरिजिनलचं पाहिजे आणि पैसे मोजायचे नाहीत. मी मधला मार्ग काढला."

"आणि त्या बाईंचं नाव का दिलंस?"

"ती उघड सांगून भरते, साहेब. स्वस्तात भरते आणि तिचं टिकतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली. त्या दिवशी मिरजगाववाल्याला तुमच्यासमोर बघितला आणि सुचलं."

बाईंविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी त्याच दिवशी न्यायालयात पाठवला आणि त्या सुटल्या. पेपरात खुलासा आला, आतल्या पानावर चार ओळींचा.

आठवडाभराने मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले. बाल्कनीतली खोली रिकामी होती. क्लासवाल्यांनी आणि शाळांनी येणे बंद केले होते. मी माफी मागितली.

"इथं कशाला मागता?" त्या शांतपणे म्हणाल्या. "इथं मला माहीतच आहे. मला नेलं ते खालून. खाली सांगा. आणि युनिफॉर्ममध्ये या."

घरी येऊन दोन दिवस मी येरझाऱ्या घातल्या. पत्र द्यावे, सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करावा, असे बरेच सोपे मार्ग मनात येऊन गेले. रविवारी सकाळी गणवेश चढवला आणि गेलो. पार्किंगमध्ये पंधरा-वीस माणसे जमली. "या ताईंचा काही दोष नव्हता. चूक माझी होती," एवढे बोललो. बाई गॅलरीत उभ्या होत्या. माझे बोलणे संपल्यावर त्या आत गेल्या. त्यांनी ते काम पुन्हा सुरू केले नाही, असे पुढे कळले.

पुरवठादाराला शिक्षा झाली. मला मात्र उत्कृष्ट तपासाचे प्रशस्तिपत्र मिळाले. ते मी भिंतीवर लावलेले नाही. फाडूनही टाकता आले नाही.

आता कधीमधी नव्या उपनिरीक्षकांसमोर बोलायला बोलावतात तेव्हा मी हीच केस सांगतो. खबर देणारा काय सांगतो याच्याआधी तो का सांगतो ते विचारा, असे सांगतो. ओळखीचा खबऱ्या म्हणजे खरा खबऱ्या नव्हे, हेही सांगतो. मग कोणीतरी हमखास विचारते, "सर, तुम्हाला अटक करताना शंका आली नव्हती का?"

आली होती, असे मी सांगतो. शंका होती, आणि तरी मी सही केली.