वच्छलाबाईंची फुप्फुसं

पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सर्जेरावांना कुणाच्या बंगल्याचा, गाडीचा कधी हेवा वाटला नाही. त्यांना हेवा वाटायचा तो सख्ख्या धाकट्या बहिणीच्या फुप्फुसांचा.

वच्छलाबाई देवगाव रंगारीला दिलेल्या. मका काढायच्या यंत्रापुढं दिवसभर धुरळ्यात उभ्या राहत, पण संध्याकाळी साधं खाकरतही नसत. इकडं सर्जेराव उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून बसत, तरी वर्षाआड न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडत. बहीण भेटायला येई, मोसंबी सोलून देई आणि बोलता बोलता निम्मी स्वतःच खाई. सर्जेराव सलाईनच्या हातानं तिच्याकडं दाखवत नर्सला सांगत, "हिला खोकलासुद्धा येत नाय बघा." सूर असा, की चोर पकडून दिलाय.

यंदा डॉक्टरीणबाईंनी त्यांची जनुकं तपासली. जंतू आल्याची वर्दी देणाऱ्या एका जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. सर्जेरावांच्या दोन्ही बिघडलेल्या. वडिलांनी मामाची मुलगी केली होती, तेव्हा एकाच घराण्यातला बिघाड दोन्हीकडून आला असावा.

"एकच बिघडली तर माणूस ठणठणीत राहतो," बाई म्हणाल्या. "बहिणीचंही तपासू. मुलगी त्यांच्याच घरात देताय ना?"

देत होतेच. सर्जेरावांची संस्कृती आणि वच्छलाबाईंचा विश्वजीत, दोघांच्या पसंतीनं सोयरीक ठरलेली. संस्कृतीकडं बापाची एक बिघडलेली प्रत आलेलीच होती.

बहिणीचं रक्त तपासणीला गेलं, तेव्हा सर्जेरावांनी गुपचूप मागणं मागितलं, की आईबापाच्या या इस्टेटीत तिलाही थोडा वाटा निघू दे. निघाला. एक प्रत बिघडलेली.

"तुझ्यातबी हाय व्हय गं, वच्छे?" सर्जेराव कितीतरी दिवसांनी खुलले.

"मग काय, मला रस्त्यावरनं उचलून आणलं व्हतं का?"

"आता विश्वजीतचं तपासावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्यातही एक निघाली, तर त्या दोघांच्या प्रत्येक मुलाला सर्जेरावांसारखं होण्याची चारात एक शक्यता."

सर्जेरावांनी सदऱ्याची बाही मागं सारली. सुयांनी काळंनिळं झालेलं स्वतःचं मनगट बघत राहिले. नातवंडाचं मनगट केवढं असणार?

त्या दिवसापासून बहिणीचं नशीब जोरात राहावं म्हणून त्यांनी देव पाण्यात घातले, आयुष्यात पहिल्यांदाच. रोज फोन करत. "वच्छे, पोरगं खोकत नाय ना?"

"दादा, खोकल्यावरनं कळतंय व्हय ते? मी तरी कधी खोकले?"

हे ऐकून पोटात थोडं दुखायचंच, पण ते फोन ठेवत नसत.

विश्वजीत स्वच्छ निघाला. नातवंडांत फार तर एक प्रत बिघडलेली येईल, आजार नाही. सर्जेरावांनी मफलरीनं डोळे पुसले आणि मग ते बहिणीवर घसरले.

"एक नासकी, एक चांगली. त्यातनंबी पोराला हिनं नेमकी चांगलीच दिली. लहानपणापासनं हिचं असंच."

"तुझ्या नातवंडाच्याच कामी आली ना, दादा? अजून जळतोस?"

"जळतो की," सर्जेराव म्हणाले. "लई जळतो. हळद कधीची धरायची, ते सांग."