दुधाऐवजी मशीन

शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या साठतात. रोज वाटतं, उद्या झाडून टाकू. मग एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. लॉकडाऊनचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. आमच्या बिल्डिंगमधला नागपूरचा निखिल म्हणतो, "काका, लिहून काढा आता. तोच किस्सा तुम्ही मला चौथ्यांदा सांगून राहिले."

मी चार यत्ता शिकलो, त्याही कन्नडात. मराठी अक्षरं आईने पोथीवर बोट ठेवून शिकवली. तेव्हा वाचताना चूक दिसली तर तुमचा तुम्ही टाका घालून घ्या. मी फुकट अल्टरेशन करत नाही.

* * *

मी टेलर. बेंगळुरात पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका गल्लीत पन्नास वर्षं दुकान चालवलं. सगळे मास्टर म्हणतात. बायको गेल्यावर मारतहळ्ळीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो, पण रोज सकाळी बस पकडून दुकानात जायचं सोडलं नव्हतं. मुलगा विनय आणि सून केतकी, दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून विनय मला अण्णा म्हणतो. केतकी पुण्याची, ती बाबा म्हणते.

सगळं बंद होणार अशी बोंब उठली त्या दिवशी केतकी म्हणाली, "बाबा, खालून चार पाकिटं दूध आणता का? पटकन."

मी खाली गेलो. रस्त्यावर लोक तांदळाची पोती डोक्यावर घेऊन पळत होते. मला एकदम आठवलं, दुकानात मशीन एकटं आहे.

चार तासांनी मी रिक्षातून परत आलो. माझं काळं पायमशीन, लोखंडी पायांसकट, सीटवर आडवं. मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर. तो वाटभर आरशात बघत होता. शेवटी म्हणाला, "अज्जा, लोक तांदूळ नेतायत. तू हे शिजवणार का?"

दोन वॉचमननी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. विनयने दार उघडलं. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अण्णा," तो म्हणाला, "दूध?"

* * *

दोन बेडरूमचं घर. एकात विनयचं ऑफिस बसलं, एकात केतकीचं. मी हॉलमध्ये आणि मशीन बाल्कनीत. पन्नास वर्षं माझा दिवस ठरलेला होता: पाचला अंघोळ, कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी, साडेआठला दुकानाचं शटर. आता कॉफी मिळायची ती दोघांच्या मीटिंगा एकदम संपल्यावर. कधी अकराला, कधी साडेबाराला. एवढ्या उशिरा तर आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा कॉफी देत नाहीत.

केतकीने आपल्या खोलीच्या दारावर लाल कागद चिकटवला. त्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नाही. अर्थ मात्र पहिल्याच दिवशी कळला: कागद दारावर असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, मशीन चालवायचं नाही. विनय खोलीतून डोकं काढून म्हणायचा, "अण्णा, हळू. कॉलवर आहे." मी शिंकलो तरी हळू.

माझ्याकडे एका मुलीच्या लग्नाचा ब्लाउज अर्धा राहिला होता. एक दिवस मी म्हटलं, एवढी बाही लावून टाकतो. मशीन जरा खडखडतं. आत केतकीच्या साहेबाने विचारलं, आवाज कसला? ती म्हणाली, शेजारी बांधकाम चाललंय.

बाहेर आल्यावर तिने मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "बाबा, मला खोटं बोलावं लागलं."

"मग खरं सांगायचं," मी म्हटलं. "बांधकाम नाही, बाही आहे."

ती हसली नाही. पुण्याची माणसं कामाच्या वेळेत हसत नाहीत.

* * *

तिसऱ्या आठवड्यात विनयने जेवताना विषय काढला. दुकानाच्या मालकाला जागा परत हवी होती. मी म्हटलं सरी, ठीक आहे, जागा त्याची आहे, घेऊ दे.

"मग आता मशीनचं काय करायचं?" विनय म्हणाला. "बाल्कनी अडते."

केतकीच्या ऑफिसातला साहिल नावाचा मुलगा मित्रांबरोबर कॅफे काढणार होता. त्याला मशीनचे लोखंडी पाय हवे होते. वर काच टाकून टेबल करायचं. तिने त्याला फोटोसुद्धा पाठवला होता.

"आणि मशीन?"

"ते वरून काढून ठेवतात, बाबा. डेकोरेशनला."

"टेबलावर काय ठेवणार?"

"कॉफी."

"साध्या स्टुलावर ठेवली तर सांडते का?"

विनय म्हणाला, "अण्णा, बहात्तर वर्षं झाली तुम्हाला. अजून किती शिवणार? रस्ते उघडले की साहिल येऊन घेऊन जाईल. मी हो म्हटलंय."

मला विचारलं नव्हतं. हो म्हणून झालं होतं. मी ताक प्यायलो आणि उठलो.

तेव्हापासून असं झालं की, बंदी वाढली अशी बातमी आली की घरात सगळ्यांचे चेहरे पडायचे आणि मी कॉफी थोडी जास्त मागायचो. लोकांचे हाल होत होते, ते मला दिसत होतं. माझा शहाणपणा कमी पडला म्हणा. पण रस्ते बंद तोवर मशीन माझं, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

* * *

बिल्डिंगच्या कमिटीचे अध्यक्ष मूर्ती. रिटायर्ड माणूस, आवाज मोठा. ते एक दिवस आमच्या दाराशी सहा फूट लांब उभे राहिले आणि मशीनच्या आवाजाची तक्रार सांगायला लागले. तोंडाला रुमाल बांधलेला, तो दर तिसऱ्या शब्दाला घसरत होता.

मी म्हटलं, "मूर्ती, तुमचं नाक मोठं आहे. रुमाल टिकायचा नाही. माप देता का?"

जवळ येऊ देईनात. मग मी टेपचं एक टोक त्यांच्याकडे फेकलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि मी दारातून ओरडलो, "आता नाकावरून घ्या. स्वल्प खाली. आकडा वाचा." त्यांनी वाचला.

घरात कापड कुठलं असणार? ब्लाउजपीसच्या चिंध्या होत्या. त्यातल्या एका बऱ्या चिंधीचा मास्क शिवला आणि संध्याकाळी त्यांच्या दाराला अडकवून आलो. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पार्किंगमध्ये राउंड घेताना दिसले. हिरवा रेशमी मास्क, कडेला जरीची किनार, बरोबर नाकावर एक मोर.

संध्याकाळपर्यंत अकरा बायकांनी बाल्कनीखाली उभं राहून विचारलं, "मास्टर, मोर अजून आहेत का?"

आवाजाची तक्रार त्यानंतर आली नाही.

* * *

निखिल समोरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. इस्त्रीवाला गावी गेल्यावर त्याची पंचाईत झाली.

"काका, मीटिंगमध्ये छातीपर्यंतच दिसते ना. मी खाली बर्मुडा घालून बसून राहिलो. मग पूर्ण शर्ट काहून धुवायचा?"

पोराचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याचा जुना शर्ट घेतला, कॉलर आणि पुढची बाजू ठेवली, पाठ कापून टाकली आणि मागे तीन नाड्या लावल्या. लहान मुलाच्या झबल्यासारखं. पुढून साहेब, मागून बारसं. निखिल इतका खूश झाला की त्याने सहा करून घेतले. त्याचं बघून विनयनेही दोन मागितले. मशीन विकायला काढणारा हाच विनय. मी दिले. कापड मी कुणाच्या तोंडाकडे बघून कापत नाही.

एक दिवस विनयची मोठी मीटिंग होती. परदेशातले साहेब, पंधरावीस चौकोनात पंधरावीस माणसं. आणि स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं. केतकी कॉलवर. मला तर हलायची बंदी. विनयला वास आला. तो कॅमेरा तसाच ठेवून उठला आणि वळून धावला. उघडी पाठ, तीन नाड्या, खाली लुंगी.

परत येऊन बसला तेव्हा सगळे चौकोन त्याच्याकडेच बघत होते. शेवटी मोठा साहेब हळूच म्हणाला, "विनय, तू हॉस्पिटलमध्ये आहेस हे आम्हाला का नाही सांगितलंस? ऑपरेशन झालं का?"

विनय म्हणाला, "छोटं होतं."

दोन दिवस रजा मिळाली. वर इंग्रजीत फुलांचं कार्ड.

* * *

बाल्कनीत बसून माझी एक करमणूक झाली. संध्याकाळी लोक पार्किंगमध्ये गोल गोल चालायचे. मी वरून कंबरा मोजायचो. पन्नास वर्षांत डोळ्यालाच टेप झालाय. मूर्ती, अडीच इंच वाढ. निखिल, तीन. विनय, अडीचला टेकलेला. त्यांना स्वतःला पत्ता नाही, कारण सगळे इलॅस्टिकमध्ये.

मग एक दिवस ऑफिसं म्हणाली, आठवड्यातून दोनदा या. त्या सकाळी बिल्डिंगमधली एकही पॅन्ट लागेना.

विनय टॉवेलवर माझ्यापुढे उभा राहिला. "अण्णा, ती लग्नातली पॅन्ट. तुम्ही शिवलेली."

टेलर चांगला की वाईट ते बाहेरून दिसत नाही. पॅन्ट उलटी करून आसनाची शिवण बघायची. मी तिथे दोन इंच दाब सोडतो, जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो, कारण माणूस लग्नानंतर वाढतो. रेडीमेडवाले ते कापड वाचवतात. मी विनयचा दाब उसवला, सगळा सोडला. बटण लागलं.

"परफेक्ट," तो म्हणाला. मग बुटाची नाडी बांधताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णा, साहिल बुधवारी येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर एक काळी पॅन्ट घडी करून ठेवलेली होती. बायकी, रेडीमेड. दाब बघितला तर सुतभर. कुणाची ते मी विचारलं नाही. केतकीने आजवर माझ्याकडून एक बटणसुद्धा लावून घेतलं नव्हतं. मी तशाच काळ्या कापडाची पट्टी दोन्ही बाजूंना आतून घातली, बाहेरून दिसणार नाही अशी. जेवणानंतर पॅन्ट तिथे नव्हती.

* * *

बुधवारी विनय ऑफिसला गेला. केतकी खोलीत, दारावर लाल कागद. मी पहाटेच मशीनला तेल दिलं होतं, पुसून ठेवलं होतं. जायचंच आहे तर अंघोळ करून जाऊ दे.

साहिल दहाला आला. मुलगा गोड होता, उगाच खोटं कशाला सांगू. मुंबईचा. "अंकल, काय पीस आहे हा," म्हणाला आणि मशीनवरून हात फिरवला. मग टेप काढून पायांचं माप घेतलं, काच कापायला.

मीही त्याचं घेतलं. डोळ्यांनी. पॅन्ट चौतीसची, कंबर सदतीस. आसनाची शिवण ताणून पांढरी पडलेली, एकेक टाका वेगळा मोजता येत होता.

उचलायला निखिलला बोलावलं होतं. त्याने एक बाजू धरली, साहिलने दुसरी. साहिल कमरेतून वाकला.

"असं नाही," मी म्हटलं. "पाठ धरेल. लोखंड आहे. पूर्ण खाली बस, मग उचल."

"थँक यू, अंकल."

"आणखी खाली."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो.

साहिल आणखी खाली बसला. आवाज हॉलपर्यंत गेला. निखिलने मशीन सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून खांदे हलवायला लागला.

"अंकल..." साहिल तिथेच बसून म्हणाला.

"कळलं. काढ."

तो माझा चौकड्यांचा पंचा गुंडाळून स्टुलावर बसला, तोंडाला मास्क, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी पॅन्ट उलटी केली. दाब नावालाही नव्हता. पट्टी घालावी लागणार. मी दोरा ओवला आणि पाय चालवला. नुकतं तेल दिलेलं, तरी खडखडलंच.

केतकीचं दार उघडलं. कानाला तिचं ते यंत्र लावलेलं. मी पाय थांबवला. तिने भिंतीकडे तोंड केलेला निखिल बघितला. पंच्यातला साहिल बघितला.

"हाय, केतकी," साहिल म्हणाला.

ती मशीनखालच्या पॅन्टकडे बघत राहिली. मग वळली, आपल्या दारावरचा लाल कागद सोलून काढला, बाल्कनीत आली, तो मशीनच्या काळ्या अंगावर लावला आणि चिकटपट्टीवरून दोनदा अंगठा फिरवला. काळ्या पॅन्टच्या खिशात हात घालून आत गेली. दार लावून घेतलं.

मी पाय चालवला.

बऱ्याच वेळाने साहिलने विचारलं, "अंकल, अजून किती वेळ?"

मी कात्रीने लाल कागद दाखवला.

"कॉलवर आहे," मी म्हटलं. "हळू बोल."