अक्कांनी मागितलेली वाट

अक्कांना सडकेवर ट्रकनं उडवलं, हे सांगायला धाकटे दीर धावत आले तेव्हा मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी जळत राहिली. अक्का जागीच गेल्या होत्या; महिना होत आला त्याला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

दुष्काळात येरमाळ्याकडं जाणाऱ्या सडकेचं काम निघालं, तेव्हा आम्ही दोघी तिथं खडी फोडायला जायचो. पुढं याच सडकेनं कारखान्याला ऊस जाणार होता. सडक कशी पाहिजे ते सांगा, म्हणून कामावरच्या साहेबांनी गावाला चावडीत बोलावलं. पुरुष आत बसले, आम्ही बाया भिंतीबाहेर. मोठ्यांपुढं सुनांनी बोलायची रीत नाही. अक्का सासूबाईंच्या कानाशी लागल्या आणि सासूबाई बाहेरूनच ओरडल्या, "सायेब, कडंनं चालणाऱ्यांला वाट सोडा! पाण्याला आमीच जातो, दुधाच्या सायकली बी तिथनंच जात्यात."

आत हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "आता बायांला निराळी सडक पायजे व्हय!"

अक्का पुन्हा कानाशी लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "घागरी तुमी उचला, मग न्हाय मागत."

साहेबही हसले, पण वाट सोडली. तिच्यावर मुरूम आम्हीच पसरला, धुमुसानं ठोकला. अक्का अनवाणी चालून बघायच्या, टोचेल तो खडा वेचून टाकायच्या. चूक झाली ती तिथंच. वाट इतकी मऊ झाली की उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्यावर गाडीवान बैल तिच्यावरच घालू लागले आणि आम्ही ट्रकांच्या सडकेवर आलो.

एकदा अक्का गाडीला आडव्या उभ्या राहिल्या. गाडीवान भावकीतलाच. म्हणाला, "वैनी, खडीनं बैलाचे पाय बघा कसे झालेत. रगत यायलंय."

अक्कांनी वाकून खूर पाहिले आणि बाजूला झाल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "त्याचं बी खरंच हाय गं. मग आपुन चालावं कुठनं?"

साहेबांची बदली झाली होती, चावडीत पुन्हा कुणी बोलावलं नाही. ट्रक आला त्या दिवशीही वाटेवर गाड्यांची रांग लागली होती...

अक्का चालताना मला वाटेच्या बाजूला घ्यायच्या, स्वतः ट्रकांच्या बाजूला राहायच्या. अजून पाण्याला जाताना मी माझ्याच बाजूनं चालते, ट्रकांच्या अंगाला एका माणसाची जागा सोडून. मागून गाडीवान ओरडतो, "वैनी, सरका की!" मी घागर सावरत उभी राहते. सरकायला तेवढी अक्कांचीच जागा असते.