कांताबाईंचे भेदरे

माझ्या सासूबाईंचं नाव कांताबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आर्णीत आमचं घर आहे, आणि घरामागे न्हाणीचं पाणी जिकडे वाहतं तिकडे दोन लांबट वाफे आहेत. त्या दोन वाफ्यांत आत्या चौतीस वर्षं भेदरे लावत आल्या. भेदरे म्हणजे आमच्याकडचे टोमॅटो, पण बाजारात मिळतात ते लंबुळके, कडक सालीचे नव्हेत. हे बुटके, चपटे, अंगावर वळ्या पडलेले. सुरी लावायच्या आधीच साल फाटते आणि आंबट इतके की पहिल्या घासाला डोळा मिटतो.

हे बी त्यांच्या आईचं. लग्न होऊन आल्या तेव्हा बाभुळगावजवळच्या माहेराहून त्यांनी ते वर्तमानपत्राच्या तुकड्याला चिकटवून आणलं होतं. तेव्हापासून दरवर्षी त्या स्वतःच बी धरायच्या आणि कीड लागू नये म्हणून राखेत घोळून ठेवायच्या. जून संपता संपता रोप टाकायचं, पोळ्याच्या आधी लावायचं, आणि दिवाळीला महिना झाला की घरात भेदऱ्यांना तोटा नसायचा. हिवाळाभर त्यांची बोटं काळपट हिरवी दिसायची. भेदऱ्याच्या पानांचा डाग साबणानं जात नाही.

जानेवारीत माल इतका यायचा की खाऊन संपायचा नाही. मग आत्या खुला करायच्या. आमच्याकडे उन्हात वाळवलेल्या भाजीला खुला म्हणतात. एकेका भेदऱ्याच्या चार फोडी, वर मीठ आणि चिमूटभर हळद, आणि बाजेवर धुतलेलं जुनं लुगडं अंथरून त्यावर एकेक फोड पालथी मांडायची. उन्हं उतरली की सगळं घरात, सकाळी पुन्हा बाहेर. असे चार दिवस. पाचव्या दिवशी फोड वाकवून पाहायची. वाकली पण बोटाला चिकटली नाही, की भरली बरणीत. मग पावसाळ्यापर्यंत चिंता नसायची. वरणात दोन फोडी, पातोडीच्या रश्श्यात चार, माझ्या नवऱ्याला, इंद्रजितला, जवसाबरोबर कुटलेली चटणी, आणि माझ्या मुलीला, मैत्रेयीला, नुसत्या भाकरीबरोबर. कोणाला काय लागतं ते आत्यांना पाठ होतं.

सगळ्यात जास्त खुला लागायचा तो मात्र माझ्या सासऱ्यांना. मारोती त्यांचं नाव, मी त्यांना मामाजी म्हणते. एकोणतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. दुपारी जेवण झालं की रस्त्यावर डोळ्यांना झापड येते, त्यावर आत्यांनीच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा उपाय काढला होता. खाकी शर्टाच्या खिशात खुल्याची पुडी द्यायच्या. मामाजी म्हणायचे, "एक तुकडा दाढेखाली धरला का पुसद येतवरी डोया लागत नाही." निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, पण सवय सुटली नाही. दुपारी ओट्यावर बसून एकेक तुकडा चघळत राहायचे.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, मामाजींचे पाय सुजले. आधी वाटलं बसून बसून सुजले असतील. मग तोंडही सुजलं. इंद्रजितनं त्यांना यवतमाळला नेलं, आत्या आणि मीही गेलो. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या कमजोर झाल्या आहेत, अजून मशीनची गरज नाही, पण पथ्य कडक पाळावं लागेल. मग आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक छापील कागद दिला. काय खायचं नाही त्याची यादी होती, आणि वरूनच दुसरं नाव टोमॅटो होतं.

आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून ठेवून वाचतात. त्या नावावर बोट थांबलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "आमच्या घरी टमाटर नसते. आमच्या घरी भेदरे असते. गावरान. ते तर चालतीन ना?"

त्या बाई तरुण होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तेही टोमॅटोच. त्यात पोटॅशियम असतं. बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही."

"अन् वाळवलेले?"

"ते तर मुळीच नको. पाणी उडून जातं, बाकी सगळं तिथंच राहतं. शिवाय मीठ."

आत्यांनी कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. बसमध्ये आर्णीपर्यंत त्या पिशवीवर हात ठेवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला मागे गेले, तर आत्या झाडं उपटत होत्या. बावीस झाडं होती. फुलं आलेली, खालच्या फांद्यांना गोटीएवढे हिरवे भेदरे. एकेक झाड मुळासकट ओढून त्या बाजूला ढीग लावत होत्या.

"आत्या, हे काय करून राह्यल्या?"

"त्यायच्या ताटात नाही ते या घरात नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या झाडाला हात घातला.

बरणीत गेल्या वर्षीचा तळाशी राहिलेला खुला त्यांनी शेजारी देऊन टाकला. बियांची पुडी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत टाकली. मी पाहत होते. थांबवायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहून धीर झाला नाही.

त्यानंतर सात महिने आमच्या घरात टोमॅटो आला नाही. मीठही सगळ्यांसाठी कमी झालं. मैत्रेयी कुरकुर करायची, तर आत्या तिला गूळ-पोळी द्यायच्या. मी दिग्रसला माहेरी गेले की आईच्या घरी चटणी खायचे आणि परत आल्यावर सांगायचे नाही. खरी अडचण खाण्याची नव्हतीच. आत्यांना करायला काही उरलं नव्हतं. वाफ्यांत गवत वाढलं. त्या दिवसभर मामाजींजवळ बसायच्या. ते उठले की विचारायच्या, कुठं चालले. झोपले की पायावर बोट दाबून पाहायच्या, खड्डा पडतो का. पाण्याचा पेला मोजून द्यायच्या. मामाजी आधी हसून घ्यायचे, मग गप्प राहायला लागले, मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. औषधं चालू होती, सूजही उतरली होती. पण माणूस उतरत चालला होता.

जूनमध्ये एका सकाळी मामाजी म्हणाले, "दाढी करून येतो," आणि गेले. दहा वाजले, अकरा वाजले. फोन घरीच खुंटीवर. इंद्रजितनं दुकान बंद करून गाडी काढली, सलूनमध्ये पाहिलं, विहारात पाहिलं, दवाखान्यात पाहिलं. शेवटी बसस्थानकावर एक ओळखीचा कंडक्टर भेटला. म्हणाला, "जयभीम करून यवतमाळच्या गाडीत बसले ना सकाळी. दाढी केलेली होती, चांगले खुशीत दिसले."

खुशीत होते म्हटल्यावर इंद्रजितचा जीव थोडा खाली आला. आत्यांचा नाही. त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, जेवल्या नाहीत.

उन्हं कलल्यावर मामाजी आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा थकलेला. आत्या उठल्या नाहीत.

"कुठं गेलते?"

"बाभुळगावले."

"कायले?"

मामाजी खाटेवर बसले. खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती. "रामरावच्या घरी भेदऱ्याचं बी होतं. तुह्या मायचंच हाय. त्याची बायको अजून लावते." रामराव म्हणजे आत्यांचा धाकटा भाऊ.

आत्यांचा आवाज चढला. "तीन गाड्या बदलून बी आणाले गेले? डॉक्टरनं धावपळ करू नका म्हटलं ना? अन् कोणाले खायाले आणलं हे?"

"तुमाले. लेकराले."

"अन् तुमी पाहत बसान?"

"हो, पाहत बसीन. खायाले मना केलं. पाह्याले कोणं मना केलं?"

आत्या काही बोलायला गेल्या, पण मामाजींनी हात वर केला. ते कधीच फार बोलणारे नव्हते. त्या दिवशी बोलले.

"कांता, सात महिने झाले, तू माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. पाय सुजले का, घास गेला का, डोया लागला का. मले घरी बसूनच दवाखान्यात असल्यासारखं वाटते. पह्यले मी इथून हाका मारत राहो, अन् तू वाफ्यातून ऐकेच ना. मंग मी चिडो. मले ते पाह्यजे. मी बिमार हावो ते एकट्यानं होऊ दे. तू काहून बिमार होतं?"

मैत्रेयी माझ्या पदराला धरून उभी होती. आत्यांनी पुडी उचलली, उघडली, तळहातावर थोडं बी घेतलं, फुंकर मारली.

"निवडलं नाही कोणं," त्या म्हणाल्या. "अर्धं पोचट हाय." मग माझ्याकडे न पाहता, "उर्वशी, चहा ठेव. त्यायचा अर्धाच कप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विळा घेऊन गवत काढलं.

त्या वर्षी वाफ्यात सव्वीस झाडं लागली. मामाजींसाठी इंद्रजितनं प्लास्टिकची खुर्ची मागे नेऊन ठेवली. कपाशी निघाल्यावर शेतकरी पऱ्हाट्या उपटतात, त्यातल्या मागल्या सालच्या सरळ सरळ पऱ्हाट्या एका ओळखीच्यानं आणून दिल्या. त्या रोवून झाडं बांधायचं काम मामाजींनी आपल्याकडे घेतलं. सुतळीची गाठ ते ताडपत्री बांधल्यासारखी आवळायचे.

"फास देऊन राह्यले का झाडाले?" आत्या ओरडायच्या. "ढिलं बांधा, त्याले जाड व्हाचं हाय अजून."

"पडलं तं तूच बोलशीन."

"पडू द्या."

असं दिवसभर चालायचं. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

पहिले भेदरे पिकले तेव्हा मात्र आत्या अडखळल्या. मी म्हटलं चटणी करू या, तर म्हणाल्या उद्या करू. उद्याचा परवा झाला. शेवटी मामाजींनीच टोपलीतले पाच भेदरे उचलून तव्याजवळ आणून ठेवले. आत्यांनी ते भाजले, लसूण आणि हिरवी मिरची घालून ठेचले. घरभर वास सुटला. मामाजींच्या ताटात दुधी भोपळ्याची भाजी आणि पोळी होती. आमच्या ताटात चटणी. आत्यांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"खाय," मामाजी म्हणाले.

त्यांनी खाल्लं. डोळे मिटले गेले. आंबटामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही.

"कशी झाली?" मामाजींनी विचारलं.

"आंबट."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि भोपळ्याची भाजी खायला लागले.

फेब्रुवारीत पुन्हा बाजेवर लुगडं अंथरलं गेलं. फोडी मांडायला मैत्रेयी आणि आत्या, राखायला मामाजी. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात काठी घेऊन सावलीत बसायचे आणि साळुंक्या आल्या की काठी आपटायचे. मधूनच एखादी फोड उचलून वाकवून पाहायचे, नाकाजवळ न्यायचे आणि परत जागेवर ठेवायचे. आत्या चौकातून लक्ष ठेवून असायच्या, मी पाहिलंय. पण मामाजींनी कधी तोंडात टाकली नाही. एकदा मी विचारलं, "मामाजी, मन नाही होत?" म्हणाले, "होते ना. पण हिनं पुन्हा झाडं उपटली तं?"

या वर्षीच्या तपासणीला आम्ही यवतमाळला गेलो तेव्हा आत्यांनी कापडी पिशवी भरून भेदरे सोबत घेतले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं, आकडा मागच्या वेळेइतकाच आहे, वाढला नाही, हेच चालू ठेवा. किडन्या काही पूर्ववत होणार नाहीत. ते आम्हालाही माहीत आहे. पुढे कधी मशीन लागेलही. पण वाढला नाही हे ऐकून मामाजींनी उगाच शर्टाची कॉलर सारखी केली.

बाहेर येऊन आत्या सरळ आहार सांगणाऱ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. बाई दचकल्या. "आजी, हे? मी नको म्हटलं होतं ना?"

"त्यायच्यासाठी नाही बाई. तुमच्यासाठी आणले. तुमाले तर चालते ना?"

बाई आधी गोंधळल्या, मग खूप हसल्या. त्यांनी एक भेदरा उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "असे लहानपणी खाल्ले होते. याचं बी मिळेल का?"

आत्या खुर्ची ओढून बसल्या. बाहेर तपासणीला आलेली माणसं थांबली होती, तरी सांगायला लागल्या: बी पहिल्या फळाचं धरायचं नाही, शेवटच्याचंही नाही, मधल्या बहराचं, रोग न आलेल्या झाडाचं, फळ झाडावरच अगदी मऊ होऊ द्यायचं, गर दोन दिवस वाटीत ठेवून मग धुवायचा. बाई कागदावर लिहून घेत होत्या, त्यांच्याच छापील यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मामाजी दारात उभे राहून म्हणाले, "चाल ना आता, गाडी निघून जाईन."

आत्यांनी मान वर केली नाही. "थांबा थोडं," त्या म्हणाल्या, "राखेचं सांगाचं राह्यलं."