घासलेलं नाणं

चिंच कोळताना आंबट वास आला की मला रियाधमधला तो पाडवा आठवतो. गुढीवर घालायचा तांब्या चिंचेनं घासून झाला, तेव्हा जवळच्या डबीतलं काळवंडलेलं तांब्याचं नाणंही मी हौसेनं लखलखीत केलं. नवऱ्याच्या ओलाया भागातल्या ऑफिसातल्या कॅनेडियन साहेबानं मायदेशी परतताना त्याला दिलेला तो एक सेंट होता. नाण्यावरच्या राणीच्या मुखवट्याभोवती कडेनं असलेले मणी मोठे आणि सालातल्या पाचाच्या आकड्याला टोक, म्हणजे हा दुर्मिळ प्रकार, अशी नवऱ्याची खात्री होती. तपासणीसाठी एका बड्या अमेरिकन कंपनीचा फॉर्मही त्यानं अर्धा भरला होता. नाणं बघून तो ओरडलाच. "अगं, जुना रंगच तर बघतात! घासलेल्या नाण्याला ते दर्जाचा नंबरच देत नाहीत." दुपारी माझी श्रीखंडाची वाटी मी तशीच झाकून ठेवली. संध्याकाळी त्यानं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, "नंबर राहू दे. आमच्याकडच्या छोट्या कंपनीला पाठव. प्रकार त्यांनाच नेमका कळतो, बाकी जे असेल ते खरं लिहितील." नवऱ्यानं अमेरिकेचा नाद सोडला आणि नाणं कॅनडाला पाठवलं. दोन महिन्यांनी पाकीट आलं. चिठ्ठीवर प्रकार अगदी तोच होता आणि खाली एकच शब्द होता, 'घासलेलं'. मी मान खाली घातली. तो मात्र हसत म्हणाला, "बघ, तुझीही नोंद झाली." आता घरी कुणी आलं की तो आधी तोच शब्द वाचून दाखवतो, आणि हल्ली मीच पुढे होऊन सांगते, "ते मी."