जपूनरावांची छोटी टाकी

माझ्या दाजींना धक्क्यावर सगळे जपूनराव म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसं कळतात. शिडीवर पाय ठेवणाऱ्याला 'जपून', गरम चहा उचलणाऱ्याला 'जपून', नुसता शिंकला तरी 'जपून'. स्वतः मात्र कधी काही जपल्याचं मी पाहिलेलं नाही, कातडी सोडून.

दाजी, माझी ताई आणि मी, आमचा तिघांचा धंदा जहाजांची बुडं खरवडायचा. ते दोघं पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात आणि बुडाला चिकटलेले शिंपले काढतात. मी होडीत बसून त्यांच्या कमरेचे दोर धरतो. काम फार खोल नाही. पण सपाट बुडाच्या मालवाहू जहाजाखाली माणूस मध्यावर गेला की डोक्यावर लोखंडाचं छत असतं. हवा संपली तर सरळ वर येता येत नाही, आधी कडेपर्यंत सरकावं लागतं. तेवढ्यासाठी जोडीतल्या एकानं कुशीला आणखी एक छोटी टाकी बांधायची असते. तिची नळी वेगळी, तोंडात धरायचा तुकडा वेगळा. मोठीनं दगा दिला तर हिच्या जोरावर बाहेर पडायचं.

ही छोटी टाकी म्हणजे दाजींचा दागिना. पिवळीधमक, रोज पुसलेली. कुणी नवा माणूस धक्क्यावर आला की तिच्यावर थाप मारून सांगायचे, "हा विमा आहे. माझा नाही, बायकोचा." ही असताना दुसरं लोढणं कशाला, म्हणून मोठ्या टाकीवरची जोडीदाराला द्यायची जास्तीची नळी त्यांनी काढूनच टाकली होती. दोघांच्याही टाकीवरची. दोरात अडकते म्हणे.

आणि या विम्याचं ते करायचे काय? काम संपलं की तिच्या हवेनं स्कूटरच्या सीटवरचं पाणी उडवायचे. घड्याळ वाळवायचे. चपलांतली वाळू काढायचे. एकदा कंगव्यात अडकलेले केस उडवताना मी त्यांना पाहिलं. म्हटलं, "दाजी, हवा संपेल ना."

"अरे, चिमूटभर तर लागते. मला शिकवू नकोस."

चिमूटभर चिमूटभर करत डबा रिकामा होतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही कळतं. यांना कळायचं नाही, कारण टाकी भरलेली काय आणि रिकामी काय, दिसते सारखीच. हवा किती उरली हे दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं कष्टाचं काम त्यांनी देवावर सोडलं असावं. दुसऱ्यानं तिला हात लावलेलाही खपायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, तेही पाण्यात राहून.

मग एका सकाळी व्हायचं ते झालं. ताईची नळी शिंपल्यांच्या धारेवर घासून फाटली. मी होडीतून पाहतोय तर जहाजाच्या कडेला पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागलं आणि तिच्या दोराला हिसका बसला. मी जीव खाऊन ओढला. ताई वर आली ती एकटीच. ओठ काळे पडलेले, तोंडातून पाणी, डोळे कुठे लागलेत तेच कळेना. तिला होडीत घेऊन पालथी केली, पाठ चोळत राहिलो. खोकली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं दाजी आले. व्यवस्थित, तोंडात हवेची नळी धरून. धक्क्यावर चढताच गोळा झालेल्या माणसांना सांगायला लागले, "मी तिला कडेकडे ढकललं म्हणून निभावलं. म्हणून सांगत असतो, जपून." क्रेनवाल्यानं त्यांना पाणी आणून दिलं. त्यांना.

घरी गेल्यावर, ओट्याला टेकून उभी असताना ताईनं मला सांगितलं.

"त्यांच्या कुशीच्या छोटीतून दोन घोट आले आणि ती बंद. मग मी त्यांच्या तोंडातल्या नळीला हात घातला. एक घोट तू, एक घोट मी, असंच करायचं असतं ना?"

"मग?"

"त्यांनी दात आवळले. माझा हात ढकलून दिला." ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली, जसं भाजी महागली म्हणून सांगावं. "मग मीच दोर धरून सरकले. तू ओढलंस ते बरं केलंस."

दाजी आतल्या खोलीत झोपले होते. घोरत होते. इतका किळसवाणा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

ताईचा खोकला थांबल्यावर आम्ही पुन्हा कामाला गेलो. मी म्हणत होतो, दुसरा जोडीदार बघू. ती म्हणाली, बघू, आज कोण येणार आहे? छोटी टाकी तिनं स्वतः भरून आणली होती. काटा मला दाखवला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या कुशीला बांधायला लागली.

"अगं, ती माझ्याकडे असते," दाजी म्हणाले.

"आता माझ्याकडे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला वाटलं, आता हे भाषण ठोकणार. पण दाजींनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि तिच्याजवळ सरकले. आवाज खाली आणून विचारलं. मी दोर सोडवत शेजारीच होतो, मला ऐकू आलं.

"वेळ आली तर मला देशील ना?"

ताईचे हात पट्ट्यावर थांबले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"देईन," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," म्हणून जपूनराव शिडी उतरायला लागले. माणसाला तिथं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. यांना हायसं वाटलं.